त्यांनी आमचे निवडले, आम्ही त्यांचे

माझं शिक्षण चौथीपर्यंत झालंय. हे आधीच सांगते, कारण पुढे एका नियमात मी त्याच्यावरूनच अडले होते.

सरोजिनी नगरच्या बाजूला आमची सरकारी क्वार्टर्सची कॉलनी आहे. तिथे दर रविवारी दहा ते बारा मराठीचा वर्ग भरतो. दिल्लीत वाढलेल्या मराठी मुलांना निदान लिहिता-वाचता यावं, एवढाच त्याचा उद्देश. मुलं घरी मराठी बोलतात, पण ती "आई, मेरावाला सॉक्स कुठे आहे यार" अशी. वर्गात दोन गट आहेत. मोठ्या गटाला साहेब शिकवतात, लहान गटाला मी.

साहेब म्हणजे निवृत्त अंडर सेक्रेटरी. आता मुलीच्या नावावरच्या क्वार्टरमध्ये राहतात. सगळी कॉलनी त्यांना साहेब म्हणते म्हणून मीही म्हणते. ते मला आजी म्हणतात. माझ्याहून चारच वर्षांनी लहान आहेत, डोक्यावर काळा केस एक नाही, आणि मला आजी म्हणतात. एकदा विचारलं तर म्हणाले, "आदराने म्हणतो." मी म्हटलं, "मग मीही तुम्हाला आदराने आजोबा म्हणू का?" तेव्हापासून दोन आठवडे त्यांनी मला काहीच म्हटलं नाही. मग पुन्हा आजी सुरू झालं.

लहान गटाला मी मुळाक्षरं, बाराखडी, वार, महिने आणि शंभरपर्यंत आकडे शिकवते. चौथीपर्यंतचं मला पक्कं येतं आणि त्या मुलांना त्याच्या पुढचं लागत नाही. हा वर्ग मला कशाला हवा, तेही सांगून टाकते. घरी स्वयंपाकाला बाई येते. मुलगा आणि सूनबाई ऑफिसात, नात कॉलेजात. सोमवार ते शनिवार माझं कोणाला काही काम नसतं. गोळी घेतली का, एवढंच विचारतात. रविवारी दहा वाजता पाच मुलं माझ्यापुढे बसलेली असतात. ती माझी वाट बघत असतात असं मी म्हणणार नाही. आज आजी आजारी पडली तर बरं, असंच त्यांना वाटत असतं. पण बारा वाजेपर्यंत त्यांची माझ्यापासून सुटका नसते. मला तेवढं पुरतं.

दिल्लीतल्या या सगळ्या रविवारच्या वर्गांवर एक संस्था आहे. ती पुस्तकं देते, वर्षाअखेर परीक्षा घेते आणि सर्टिफिकेट देते. मुलांच्या आया पुस्तकांसाठी वर्गाला पाठवत नाहीत, सर्टिफिकेटसाठी पाठवतात. तर मागच्या दिवाळीनंतर या संस्थेचं पत्र आलं. मुलं कमी झाली आहेत, वर्ग फार आहेत, म्हणून दिल्ली, नोएडा, गुरगाव, फरीदाबाद या सगळ्याचे विभाग पाडले आहेत. एका विभागात एक वर्ग. वीसपेक्षा कमी मुलं असतील तो वर्ग शेजारच्या वर्गात मिसळायचा. दोघांनी मिळून नियमावली करायची, एक कमिटी निवडायची, वर्ग कुठे भरणार ते ठरवायचं आणि तीन महिन्यांत कळवायचं. नाही कळवलं तर दोन्ही वर्ग बंद.

आमच्याकडे मुलं अकरा. आमचा शेजारी निघाला नोएडातला वर्ग, तिथे नऊ.

नोएडा आमचं शेजारी कसं झालं हे साहेबांनी फोन करून विचारलं. तर कळलं की संस्थेतल्या माणसाने मेट्रोचा नकाशा पुढे ठेवून विभाग पाडले होते. एकदाच गाडी बदलून जिथे जाता येतं ते शेजारी. आम्ही पिंक लाइनवर, ते ब्लू लाइनवर, मयूर विहारला बदलायचं. झालो शेजारी. मध्ये यमुना आहे. ती त्या नकाशात निळी दाखवलेली असते, पण त्याला तीही मेट्रोचीच लाइन वाटली असावी.

नोएडाचा वर्ग एका मोठ्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये भरतो. तो चालवणारा पुण्याचा, कंप्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, वय चाळिशीच्या आत. मी मनात त्याला पुणेकर म्हणते, इथेही तेच म्हणते. डिसेंबरात आमच्याकडे पहिल्या बैठकीला आला तो हाफ पँट घालून. मी शाल, स्वेटर, मोजे, आणि हा गुडघे उघडे टाकून बसलेला.

"आज्जी, थंडी अशी काही नाहीये," तो म्हणाला.

"तुमचे गुडघे निळे पडलेत," मी म्हटलं.

साहेबांनी चौदा पानांची नियमावली लिहून आणली होती. पुणेकराने लॅपटॉप आणला होता, त्यात रंगीत चित्रं, बाण आणि गोल. साहेब एक नियम वाचायचे की पुणेकर म्हणायचा, "सर, हे सिंपल करू या." मग पुणेकर एक गोल दाखवायचा की साहेब म्हणायचे, "याला आधार काय?" आम्ही बाकीचे बिस्किटं खात होतो.

पहिलं भांडण झालं ते कमिटीत कोणाचे किती. साहेब म्हणाले, आमची मुलं अकरा, म्हणून आमचे जास्त. पुणेकर म्हणाला, तुमची अकरा कागदावर, येतात सात, आमची नऊच्या नऊ येतात. हे खरं होतं. आमच्याकडे क्रिकेटची मॅच असली की चार येतात. शेवटी दोन बैठकांनंतर तीन-तीन ठरलं.

दुसरं भांडण मोठं होतं, पण ते कोणी तोंडाने केलं नाही. तीन-तीन खरे, पण कोण? साहेबांना पुणेकर कमिटीत नको होता. मला म्हणाले, "आजी, हा आला तर परीक्षासुद्धा मोबाइलवर घेईल." पुणेकराला साहेब नको होते. तो आमच्याच एका बाईला म्हणाला, आणि तिने कॉलनीभर सांगितलं, की साहेब आले तर खडू आणायलाही तीन प्रतींत अर्ज लागेल. दोघांचंही म्हणणं बरोबर होतं.

मग साहेबांनी नववा नियम वाचला. प्रत्येक बाजूचे तीन सदस्य दुसऱ्या बाजूच्या पालकांनी निवडावेत. म्हणजे आमचे तिघे नोएडावाले निवडणार आणि त्यांचे तिघे आम्ही. साहेब म्हणाले, "आमच्या खात्यात दोन युनियन एक झाल्या तेव्हा असंच केलं होतं. कोणी कडवा माणूस येत नाही. काम शांततेत होतं."

पुणेकराने थोडा विचार केला आणि खुर्चीत ताठ बसला. "ब्रिलियंट सर! बिल्कुल असंच करू या."

दोघांनी हात मिळवले. साहेबांनी स्वतः उठून त्याला चहा ओतून दिला. दोन हुशार माणसं एकमेकांवर अशी अचानक खूश झाली की समजावं, दोघांना एकच लबाडी एकाच वेळी सुचली आहे.

घरी येऊन मी सूनबाईला सांगितलं, "हे दोघेही उडणार."

ती म्हणाली, "आई, मग त्यांना सांगायचं ना!"

"मला कोणी विचारलं?"

प्रत्येक बाजूने आठ नावांची यादी द्यायची होती, म्हणजे दुसऱ्यांना त्यातून निवडता येईल. शिकवणारे आणि पालक मिळून आमच्याकडे सात नावं झाली. आठवं मिळेना. नावं बरीच होती, पण साहेबांनीच सातव्या नियमात घालून ठेवलं होतं की सदस्य पदवीधर असावा. आणि ज्यांच्याकडे पदवी होती त्यांच्याकडे वेळ नव्हता. शनिवारी संध्याकाळी साहेब आमच्याकडे आले.

"आजी, तुमचं नाव यादीत टाकतोय. तुमच्यापुरती पदवीची अट शिथिल केली आहे, अनुभवाच्या आधारावर."

"आणि निवडून आले तर?"

साहेब हसले. चांगले मोकळे हसले. "छे छे, यादी पुरी करायला फक्त. तुम्ही काळजी करू नका."

"मी कुठे काळजी करतेय? टाका."

मतदान पुढच्या रविवारी आमच्या खोलीत झालं. नोएडाच्या सात घरांनी मोबाइलवर मतं दिली. आमच्या आठ घरांनी चिठ्ठ्या लिहून बिस्किटांच्या डब्यात टाकल्या, कारण साहेबांचा मोबाइलवर विश्वास नाही. आधी पुणेकराने नोएडाचा निकाल वाचला. आमच्या बाजूने पहिलं नाव माझं. सातच्या सात घरांची मतं मला. पुणेकर सगळ्यांकडे बघून म्हणाला, "आज्जी सगळ्यांना खूप आवडतात हो." मी त्यांच्यातल्या दोघांशीच जन्मात बोलले होते. म्हातारी बाई, चौथी शिकलेली, हिला काय कळतंय, सांगू तिथे हात वर करील, असा तो हिशोब होता. मला राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही मलाच निवडलं असतं.

आमच्या बाजूने दुसरा आला तो स्टेनो. हा लग्न न झालेला मुलगा वर्गात पेटी वाजवतो आणि दोन वर्षांत "हो हो" याशिवाय काही बोललेला नाही. तिसरी आली ती आमच्यातली एक बाई, जिची मार्चनंतर नागपूरला बदली ठरलेली होती. साहेबांना एकही मत नाही.

साहेब म्हणाले, "एकदा परत बघा. स्क्रोल करा."

"सर, हे एवढंच आहे," पुणेकर म्हणाला. त्याला हसू आवरत नव्हतं. पाण्याचा ग्लास तोंडाला लावून बसला.

मग डबा उघडला. साहेब स्वतः चिठ्ठ्या वाचायला बसले. आमच्या लोकांनी नोएडातला कोण निवडला? पहिला एक जावई. म्हणजे बायको मराठी, हा पंजाबी, मुलगी वर्गाला येते म्हणून पालक या नात्याने यादीत. मराठी येत नाही, तेव्हा बैठकीत काही कळणार नाही, म्हणून आमच्या लोकांना तो फार पसंत पडला. दुसरी एक तरुण आई, तीन महिन्यांचं बाळ मांडीवर, तिला कशालाच वेळ नाही. तिसरा एक माणूस जो महिन्यातले वीस दिवस बंगळूरला असतो. पुणेकराचं नाव कुठेच नव्हतं. त्याने ग्लास खाली ठेवला.

"पण मी तर राहणारच ना? म्हणजे, को-ऑर्डिनेटर म्हणून?"

"आणि मी मार्गदर्शक म्हणून," साहेब म्हणाले.

कोपऱ्यातून स्टेनो बोलला, "ते नियमात आहे का?"

सगळे वळून त्याच्याकडे बघायला लागले. त्याचं त्यालाही आश्चर्य वाटलेलं दिसलं. साहेबांनी चौदा पानं चाळली. नव्हतं. दोघांनी एकमेकांना बाहेर ठेवायची एवढी व्यवस्था केली होती की स्वतःला आत ठेवायची राहूनच गेली. अकरावा नियम मात्र होता, तो पुणेकराने मोठ्याने वाचला. कमिटीतला वयाने सर्वात मोठा सदस्य अध्यक्ष होईल. समान मतं पडली तर त्याचं मत शेवटचं. हा नियम साहेबांनी कोणासाठी लिहिला होता हे कोणी विचारलं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते.

सोमवारी सकाळी साहेब हजर.

"आजी, अभिनंदन."

"चहा घेता?"

"अर्धा. आजी, तुम्हाला काही त्रास होणार नाही. ठराव मी लिहून देतो. तुम्ही फक्त सही करायची."

"वाचीन आणि करीन."

"हो, हो, वाचा की. मोठ्या अक्षरात काढून देतो. वर्ग इथेच राहिला पाहिजे, एवढं बघा म्हणजे झालं."

बुधवारी पुणेकराचा फोन. "आज्जी, टेन्शन घेऊ नका. मी सगळं तयार करून पाठवतो, तुम्ही फक्त ओके म्हणा. आमच्याकडे एसी आहे, प्रोजेक्टर आहे, मुलांना पिण्याचं पाणी थंड-गरम दोन्ही."

"बाराखडीला प्रोजेक्टर कशाला?"

"नाही, म्हणजे इंटरेस्टिंग होतं. आणि आज्जी, तुमच्यासाठी दर रविवारी कॅब पाठवीन."

"किती रविवार?"

"म्हणजे... सुरुवातीला."

तेव्हा मला सगळा मामला स्वच्छ कळला. माझे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. मेट्रोने नोएडा म्हणजे जायला सव्वा तास, यायला सव्वा तास. कॅब सुरुवातीला येणार आणि मग येणं बंद होणार. वर्ग नोएडाला गेला की माझा रविवार सोमवारसारखा होणार. आणि आमच्या कॉलनीत राहिला तर राहणार. एवढी साधी गोष्ट होती, आणि निकाल माझ्या हातात होता. आमचे तीन, त्यांचे तीन, समान मतं, शेवटचं मत अध्यक्षांचं. मी ठरवलं होतं काय करायचं. त्यात न्याय वगैरे काही नव्हता. मला चालत जाता येतं, म्हणून वर्ग इथे. बास.

कमिटीची बैठक नोएडात ठेवली होती. कॅब आली, सुरुवातच होती ना. मी, स्टेनो आणि बदलीवाली तिघं गेलो. गेटवर गार्डने अडवलं. "माताजी, ओटीपी बताइए."

"कैसा ओटीपी? हम अध्यक्ष हैं."

त्याने उठून सॅल्यूट ठोकला. कशाची अध्यक्ष ते त्याने विचारलं नाही.

क्लबहाउसच्या काचेच्या खोलीत आम्ही पाचजण आणि बंगळूरवाला टेबलावरच्या मोबाइलमध्ये. मागे विमानतळावरची घोषणा ऐकू येत होती. मी म्हटलं, "बोला." कोणी बोलेना. पाच मिनिटं झाली. मग माझ्या लक्षात आलं, हे सगळे न बोलण्याबद्दलच निवडून आलेले आहेत. बाळ तेवढं बोलत होतं.

शेवटी जावयाने हात वर केला. शाळेतल्या मुलासारखा. चाळिशीतला उंच माणूस, दाढी छान कापलेली.

"आजीजी, एक बात पूछूँ? मतलब... विचारू?"

"विचारा."

"वर्ग इथे केला तर किती मुलं येणार? और वहाँ केला तर किती?"

तीन महिन्यांत चार बैठका, चौदा पानं आणि तो सगळा लॅपटॉप झाला होता. हे कोणी विचारलं नव्हतं.

बदलीवालीने फोन काढला. तरुण आईने बाळ स्टेनोच्या मांडीवर ठेवलं आणि तिनेही काढला. दोघी अर्धा तास घरोघर विचारत होत्या. स्टेनो बाळाला घेऊन असा बसला होता जणू हातात कोणी भरलेली कढई दिलीय. मग आकडे आले. आमच्या अकरातली नोएडाला येणार पाच. बाकीच्यांचं म्हणणं, रविवारी सकाळी कोण एवढं जातं. नोएडाच्या नऊतली आमच्याकडे येणार चार. म्हणजे वर्ग नोएडाला भरवला तर चौदा मुलं. आमच्याकडे भरवला तर पंधरा.

"और रूल क्या है? वीस?" जावई म्हणाला.

"वीसपेक्षा कमी असला तर शेजारच्यात मिसळायचा," बदलीवाली म्हणाली.

"तर मग पुन्हा?" बंगळूरवाला मोबाइलमधून म्हणाला. "आता शेजारी कोण?"

तरुण आईने नकाशा बघितला. "फरीदाबाद. एकदाच बदलायचं."

कोणी हसलं नाही. मलाही हसू आलं नाही. मी इथे मत टाकायला आले होते. माझं मत टाकलं असतं तर वर्ग आमच्या कॉलनीत राहिला असता, आणि पुढच्या वर्षी पंधरा मुलं घेऊन फरीदाबादला गेला असता. पुन्हा नियमावली, पुन्हा पुणेकरासारखा कोणी, आणि माझा रविवार जायचा तो जायचाच.

मी चष्मा लावला आणि संस्थेचं पत्र मागितलं. मला पत्र वाचायची एकच पद्धत येते. ओळीखाली बोट ठेवायचं आणि मोठ्याने वाचायचं. नात हसते, पण त्याने शब्द सुटत नाहीत. मी पहिल्या ओळीपासून वाचलं. विभागात एक वर्ग असावा. त्याचा एक हजेरीपट असावा. हजेरीपटावर किमान वीस मुलं असावीत. एक कमिटी असावी. वर्ग कुठे भरणार ते कळवावं. खाली सही.

दुसऱ्यांदा वाचलं.

"यात एका खोलीत बसावं असं कुठे लिहिलंय?" मी विचारलं.

"म्हणजे?" स्टेनो.

"शाळेत आमच्या वर्गाला जागा पुरायची नाही तेव्हा अर्धा वर्ग देवळात बसायचा. वर्ग एकच होता. मास्तर दोन्हीकडे हजेरी एकाच वहीत लिहायचे."

जावयाला बायकोशिवाय एवढं मराठी कळायला वेळ लागला. बदलीवालीने त्याला हिंदीत समजावलं. मग त्याने टेबलावर हात मारला. "अरे, तो फिर झगड़ा किस बात का था!"

बाळ दचकून रडायला लागलं आणि स्टेनोने ते घाईघाईने परत केलं.

ठराव बदलीवालीने लिहिला. ती सरकारी कामात मुरलेली आहे, तिला असं लिहिता येतं. एकत्रित वर्ग एक असेल. हजेरीपट एक, मुलं वीस. वर्ग खोली क्रमांक एक आणि खोली क्रमांक दोन यांत भरेल. पत्ते खाली दिले. मध्ये यमुना आहे हे लिहिलं नाही. त्यांनी विचारलंच नव्हतं. एकच वाद झाला, तो एक नंबर कोणाचा. बंगळूरवाला नोएडाचा म्हणत होता, तेवढ्यात त्याच्या विमानाची घोषणा झाली आणि फोन बंद पडला. आमची खोली एक नंबर झाली. सगळ्यांनी सह्या केल्या. माझी सही सर्वात वर, एकेक अक्षर सुटं.

साहेबांना ठराव दाखवला तर ते दोन दिवस घेऊन बसले. मग आले.

"आजी, असं चालत नाही."

"कोणत्या नियमाने?"

त्यांनी आपली चौदा पानं चाळली, पत्र चाळलं, मग परत पानं. तोंड वाकडं करून म्हणाले, "राहून गेलंय." आणि जरा वेळाने, "पण आपली खोली एक नंबर आहे ना?" मी हो म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं. पुणेकराने मला लांबलचक मेसेज पाठवला. त्यात अंगठे, फुलं आणि "सुपर आज्जी" होतं, आणि शेवटी, खोली दोनच्या भिंतीला कोणता रंग द्यावा याला अध्यक्षांची परवानगी हवी का. मी लिहिलं, नको. तेव्हापासून दोघेही पूर्वीसारखेच शिकवतात, आणि एकमेकांच्या तक्रारी माझ्याकडे आणतात. संस्थेचं दोन ओळींचं पत्र आलं. एकत्रीकरण यशस्वी झाल्याबद्दल अभिनंदन, आणि ठरावाची प्रत इतर विभागांना नमुना म्हणून पाठवत आहोत. ऐकते की आता तीन विभागांत असे एक-एक वर्ग झाले आहेत, दोन-दोन खोल्यांचे.

घोटाळा झाला एप्रिलमध्ये. बदलीवाली नागपूरला गेली, तिच्याबरोबर तिचा मुलगाही, हजेरीपटावर एकोणीस. मी कॉलनीत दारोदार फिरले. एका घरात मराठी मूल होतं, ते अजून चालत नव्हतं. साहेब म्हणाले, फरीदाबादच्या लोकांशी बोलून ठेवू का. नोएडातून तर नवीन कोणी मिळतच नव्हतं. तेव्हा जावयाचा फोन आला.

"आजीजी, मेरा नाम लिख लो."

"कशात?"

"वर्गात. वैसे भी बेटी को छोड़ने आता हूँ, दो घंटे बाहर बैठता हूँ."

साहेबांनी पत्र पुन्हा तपासलं. मुलं म्हणजे किती वयापर्यंतची, हे लिहिलेलं नव्हतं. मी प्रवेशाचा फॉर्म भरला. वय एक्केचाळीस, गट लहान. आई-वडिलांच्या सहीच्या जागी त्याच्या बायकोने सही केली. वीस झाले.

आता महिन्यातून एका रविवारी मी खोली दोनची तपासणी करायला जाते, अध्यक्ष म्हणून, त्यांच्या गाडीने. ते मी नियमात लिहून घेतलंय. जावई सात वर्षांच्या मुलीशेजारी छोट्या खुर्चीत गुडघे छातीशी घेऊन बसतो. डोकं चांगलं आहे. आमची दिल्लीची मराठी मुलं "बाल" म्हणतात तिथे तो "बाळ" स्वच्छ म्हणतो. म्हणाला, गावाकडे त्याच्या आजीच्या बोलण्यात हा उच्चार होता. पण अभ्यास करत नाही. दुसरा कोणी असता तर मी वर्गाबाहेर उभा केला असता. याला काढला तर एकोणीस होतात, आणि हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

"गृहपाठ?" मी मागच्या वेळी विचारलं.

"आजीजी, ऑफिस में बहुत काम था."

"बाकीची काय घरी बसून होती?"

"आप मुझे निकाल तो सकती नहीं," तो हसत म्हणाला. मुलगी खाली मान घालून खुदखुदायला लागली.

मी त्याला पूर्ण बाराखडी दहा वेळा लिहून आणायला सांगितली. सांगितल्याप्रमाणे त्याने वही पाठवली, दहाच्या दहा पानं भरलेली, एक चूक नाही. अक्षर मुलीचं होतं. दोघांनाही पुन्हा लिहायला लावलंय.